राउटर सोळा महिने पळाला, लाईट गेली आणि उठेचना : एका १८४१ चं प्रकरण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, सिस्कोचे १८४१ राउटर तेव्हा अजून कुठल्याही कारखान्यात, पतसंस्थेत, कॉलेजात दिसायचे. २००४ साली आलेलं मॉडेल, डबा मजबूत, कुणी हात लावला नाही तर वर्षानुवर्षं कोपऱ्यात गुरगुरत बसायचा. एका साखर कारखान्याचं नेटवर्क मी बघायचो, म्हणजे रोजचं नाही, अडलं की बोलावायचे. कारखाना एकीकडे, ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब चालतो त्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर शहरातल्या ऑफिसात, मधे २ एमबीपीएसची लीज्ड लाईन, म्हणजे भाड्यानं घेतलेली कायमची लाईन, आणि दोन्ही टोकांना एकेक १८४१.

फेब्रुवारीचा शेवट, सीझन भरात. पहाटे साडेचारला ईडीपीतल्या, म्हणजे कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातल्या, पोराचा फोन. रात्री कारखान्याची वीज बनवणारी टर्बाइन ट्रिप झाली, एमएसईबीवर चेंजओव्हर होईपर्यंत दोन-तीन वेळा लाईट गेली-आली, तेव्हापासून राउटर उठत नाही. काट्यावर वजन होतंय कारण काट्याचा पीसी स्वतःपुरता चालतो, पण पुढं काहीच जात नाही, पावत्या हातानं लिहितायत आणि यार्डात ट्रॅक्टरची रांग. आणि एएमसीवाल्या, म्हणजे वार्षिक देखभालीचं काँट्रॅक्ट घेतलेल्या, माणसानं फोनवरच निकाल देऊन टाकलेला की मदरबोर्ड गेला, नवीन राउटर मागवा, आठ दिवस लागतील.

मी एकच विचारलं, पुढचा हिरवा लाईट कसा आहे? पोरगा म्हणाला, "सर, नुस्ता मिचकावतोय, सावकाश."

मग मी परत झोपलो नाही पण घाबरलोही नाही. १८४१ च्या पुढच्या बाजूला सिस्टीम पॉवरचा जो लाईट असतो तो बरंच काही सांगतो. अजिबात नसेल तर पॉवर सप्लाय, स्विच नाहीतर वायर. स्थिर हिरवा असेल तर आयओएस, म्हणजे सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम, चढलंय, गडबड पुढं कुठंतरी आहे. आणि सावकाश मिचकावत असेल तर एकतर बूट चाललंय किंवा राउटर रोममॉनमध्ये अडकून बसलाय. रोममॉन म्हणजे रॉममधला तो छोटा प्रोग्राम जो आयओएस शोधून चढवतो, आणि सापडलं नाही की हात वर करून प्रॉम्प्ट देतो. चार तास मिचकावतोय म्हणजे बूट नाही, रोममॉनच. आणि रोममॉन चाललंय म्हणजे पॉवर सप्लाय, प्रोसेसर आणि बोर्डाचा मोठा भाग जिवंत आहे. मेलेला बोर्ड मिचकावत नाही हो.

एक शंका मात्र होती, ती रॅमची. सिस्कोनं २०१४ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं की एका सप्लायरच्या २००५ ते २०१० मधल्या मेमरी चिप वापरलेली काही उपकरणं चालू असेपर्यंत ठीक चालतात, पण पॉवर बंद करून परत चालू केली की उठत नाहीत. लक्षण अगदी असंच, चालता चालता काही नाही आणि लाईट गेली की खलास. त्यामुळे घरातून निघताना एक जास्तीची रॅमची पट्टी पिशवीत टाकली. ती लागली नाही हे आत्ताच सांगून टाकतो.

सातला पोचलो. राउटरचा फॅन बंद होता आणि जाळीवर बगॅसची, उसाच्या चिपाडाची, बारीक भुकटी थापलेली, नमदा झालेला अक्षरशः. ब्रशनं झाडला तसा फॅन फिरायला लागला, घरघर करत का होईना. लॅपटॉपवरून राउटरशी थेट बोलायची कन्सोल केबल लावली, ९६०० स्पीड, आणि स्क्रीनवर रोममॉनचा प्रॉम्प्ट दिसला. आता टाईप करायला गेलो तर काहीच उमटेना. एंटर मारतोय, काही नाही. केबल बदलली, यूएसबीचं पोर्ट बदललं, राउटर बंद करून चालू केला, परत तेच, प्रॉम्प्ट दिसतो पण ऐकत नाही. माझ्या डोक्यात लगेच आलं की हँग झालाय, म्हणजे एएमसीवाला बरोबर होता की काय. वीस मिनिटं यात घालवल्यावर लक्षात आलं की लॅपटॉप नवीन घेतला होता आणि त्यावरच्या पुट्टीत, म्हणजे कन्सोल बघायच्या प्रोग्राममध्ये, सिरियलचा फ्लो कंट्रोल हार्डवेअरवर होता. राउटरचं आपल्याला दिसतं पण आपलं राउटरला पोचत नाही, हे त्याचं पेटंट लक्षण आहे, पंधरा वर्षं हे काम करतोय तरी दर दोन वर्षांनी एकदा मी यात पडतो. फ्लो कंट्रोल 'नन' केला, एंटर मारला, प्रॉम्प्ट खाली सरकला.

आता राउटर काय म्हणत होता ते नीट वाचलं. बूटस्ट्रॅपनं स्वतःची व्हर्जन छापली, मेमरी मोजून बरोबर आकडा दाखवला, म्हणजे रॅम दिसतेय. आणि मग ओळ, 'डिव्हाइस डज नॉट कंटेन अ व्हॅलिड मॅजिक नंबर', आणि तिच्यामागोमाग 'कॅनॉट ओपन फ्लॅश'. मॅजिक नंबर वगैरे वाचून पोरगा जरा हसला, पण अर्थ साधा आहे, मागच्या खाचेतलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड रोममॉनला वाचता येत नाहीये. कार्ड नीट बसलेलं नसेल, फॉरमॅट बिघडलेला असेल किंवा कार्डच गेलेलं असेल. आयओएसची फाईल त्याच कार्डावर असते.

पॉवर बंद करून कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं, तेच. कार्ड रीडरमधून लॅपटॉपला लावलं तर विंडोजला दिसलंच नाही. मेलेलं कार्ड.

इथं एक गोष्ट जी मला त्यावेळी नीट सुचली नाही, दुपारी सुचली. कार्ड रात्रीच्या लाईटीच्या झटक्यानं गेलं असं सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. पण १८४१ आयओएस कार्डावरून चालवत नाही. चालू होताना फाईल वाचतो, रॅममध्ये उलगडतो, ते स्क्रीनवर हॅशचे शिक्के पडत जातात ना तेच, आणि त्यानंतर कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही जोवर कुणी फाईल कॉपी करायला जात नाही. म्हणजे कार्ड सहा महिन्यांपूर्वी मेलेलं असलं तरी राउटर मजेत पळत राहणार. लीज्ड लाईन चालू, ईआरपी चालू, सगळे खूश, आणि आत मढं.

बरं, आता आयओएस आणायचं कुठून. शहरातल्या ऑफिसात हुबेहूब तसाच दुसरा राउटर होता, तोच सगळ्यात सरळ रस्ता. तिथल्या क्लार्कला फोन करून त्याच्या पीसीवर रिमोट घेतला, त्यावर टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाईल द्या-घ्यायचा साधा प्रोग्राम, चालू केला, त्या राउटरच्या फ्लॅशमधली फाईल पीसीवर उतरवली आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून इकडं ओढली. २२ एमबीची फाईल.

ती राउटरमध्ये घालायचे दोन रस्ते. एक एक्समोडेम, म्हणजे कन्सोल केबलवरूनच. ९६०० स्पीडला सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, २२ एमबीला साडेसहा-सात तास, आणि मधे एकदा जरी लाईट गेली तर पहिल्यापासून. कन्सोलचा स्पीड १,१५,२०० केला तर अर्ध्या-पाऊण तासात होतं, पण मी स्वस्तातल्या यूएसबी केबलवर तेवढा विश्वास टाकत नाही. दुसरा रस्ता टीएफटीपी, राउटरच्या पहिल्या फास्ट इथरनेट पोर्टवरून. तो घेतला. रोममॉनमध्ये पाच गोष्टी सांगाव्या लागतात, राउटरचा आयपी, मास्क, गेटवे, सर्व्हरचा आयपी आणि फाईलचं नाव, आणि या नावांमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल, एक अक्षर छोटं पडलं की तो मुकाट्यानं दुर्लक्ष करतो. मधे एक छोटा स्विच टाकला कारण लॅपटॉप थेट जोडला की राउटर रीस्टार्ट झाल्याबरोबर लॅपटॉपचं पोर्ट डाउन होतं आणि विंडोज आयपीचा खेळ चालू करतं. विंडोजचा फायरवॉल बंद केला.

नुसती टीएफटीपीडीएनएलडी कमांड दिली की ती आधी फ्लॅश पुसते आणि मग लिहायला बसते. मी मागे मायनस आर लावला, म्हणजे फ्लॅशला हात न लावता फाईल रॅममध्ये घ्यायची आणि तिथूनच बूट व्हायचं. पहिला प्रयत्न १६ एमबीला येऊन थांबला. माझ्या लॅपटॉपवरचा टीएफटीपी सर्व्हर जुनापुराणा, त्याला तेवढंच मोजता येत होतं. टीएफटीपी फाईलचे ५१२ बाइटचे तुकडे करून प्रत्येकावर नंबर टाकतं, तो नंबर १६ बिटचा, म्हणून मूळ पद्धतीत ३२ एमबीच्या पुढं गाडी जात नाही आणि काही जुने सर्व्हर तर निम्म्यातच, १६ वरच मान टाकतात. नवीन सर्व्हर उतरवून घेतला आणि परत चालू केलं. पंचेचाळीस हजार तुकडे, प्रत्येक तुकड्याची पोच आल्याशिवाय पुढचा नाही. तेवढ्यात चहा आला.

कार्डाचं काय करायचं हा प्रश्न होताच. तालुक्याच्या गावात राउटरचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कोण ठेवणार. पण लग्नाचे फोटो काढणारे ठेवायचे, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत हीच कार्डं असायची. ईडीपीतला पोरगा बाईक काढून स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत गेला आणि तीनशे रुपयांत ५१२ एमबीचं एक जुनं कार्ड घेऊन आला, आत कुणाच्यातरी हळदीचे फोटो तसेच. ते स्टुडिओवाल्याला परत पाठवले हे सांगायला हवं. कॅमेऱ्याचं प्रत्येक कार्ड राउटरला चालतंच असं नाही, काही चालतात काही नाही, आम्हाला चाललं. पण हे कार्ड तात्पुरतं, कारखान्याला योग्य कार्ड मागवायला सांगितलं.

बूट झालं. आणि स्क्रीनवर तो कुप्रसिद्ध प्रश्न, इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉगमध्ये जायचंय का, यस ऑर नो. म्हणजे राउटर म्हणतोय माझ्याकडे कसलीही सेटिंग नाहीये, मी कोरा आहे.

पोरगा खचला. "सर, कॉन्फिग पण गेलं? आता सगळं नव्यानं टाकायचं?"

या ठिकाणी जे लोक घाई करतात त्यांचं वाटोळं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉन्फिग, म्हणजे राउटरच्या सगळ्या सेटिंग, फ्लॅश कार्डावर नसतं, ते एनव्हीरॅममध्ये असतं, लाईट गेली तरी न पुसणारी वेगळी मेमरी. कार्ड मेलं म्हणून कॉन्फिग जायचं काही कारण नाही. मी 'नो' म्हणून बाहेर आलो, इनेबल केलं आणि 'शो व्हर्जन' मारलं. वर लिहिलेलं की राउटर पॉवर-ऑनमुळे चालू झाला, ते ठीकच. आणि अगदी शेवटची ओळ, जी कुणी वाचत नाही, कॉन्फिगरेशन रजिस्टर २१४२.

नेहमी ते २१०२ असतं. हा सोळा बिटचा एक आकडा, राउटर चालू होताना सगळ्यात आधी तोच बघतो. शेवटचा अंक सांगतो बूट कुठून व्हायचं, शून्य असेल तर थेट रोममॉनमध्ये थांब, दोन असेल तर नेहमीसारखं आयओएस शोध. ०२ चं ४२ झालं म्हणजे सहाव्या नंबरचा बिट चढलाय, आणि त्या बिटचा अर्थ इतकाच की एनव्हीरॅममधलं कॉन्फिग वाचू नकोस. पासवर्ड विसरला की लोक हेच करतात, ब्रेक मारून रोममॉनमध्ये जायचं, २१४२ करायचं, कोरा राउटर उघडायचा, जुनं कॉन्फिग आत ओढायचं, पासवर्ड बदलायचा, सेव्ह करायचं आणि रजिस्टर परत २१०२ करायचं. यातली शेवटची पायरी राहिली तर त्या दिवशी काहीच कळत नाही. राउटर छान चालतो. पुढच्या रीस्टार्टला कोरा उठतो.

'शो स्टार्टअप-कॉन्फिग' मारलं आणि सगळं होतं. ओळ न ओळ.

आता हाताला एक सवय असते, काही बदल केला की 'राइट' मारायचं. या घडीला ते मारलं असतं तर कोरं कॉन्फिग त्या चांगल्या कॉन्फिगवर बसलं असतं आणि मग खरोखर गेलं असतं. एएमसीवाला फोनवर पोराला तेच सांगत होता, आयपी टाक आणि राइट मार. मी आधी पुट्टीचं लॉगिंग चालू करून सगळं स्टार्टअप कॉन्फिग लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि मगच स्टार्टअप, म्हणजे सेव्ह केलेलं कॉन्फिग, रनिंगमध्ये, म्हणजे आत्ता चालू असलेल्यात, कॉपी केलं. प्रॉम्प्टवर 'राउटर' होतं तिथं कारखान्याचं नाव आलं, पोराचा चेहरा उजळला. पण कॉपी होताना मधे चार-पाच ओळींवर इनव्हॅलिड इनपुटच्या शिव्या पडल्या होत्या. वर जाऊन बघितलं तर त्या सगळ्या सिरियल इंटरफेसच्या ओळी. 'शो व्हर्जन'मध्ये परत बघितलं, दोन फास्ट इथरनेट आहेत आणि सिरियल एकही नाही. ज्या सिरियल कार्डात (फ्लॅश कार्ड नव्हे, हे वेगळं) लीज्ड लाईन येते तेच राउटरला दिसत नव्हतं.

आणि इथं दुसरा सापळा. याच अवस्थेत सेव्ह केलं असतं तर जे इंटरफेस अस्तित्वातच नाही त्याचं कॉन्फिग सेव्ह झालं नसतं, म्हणजे लीज्ड लाईनच्या सगळ्या ओळी एनव्हीरॅममधून गेल्या असत्या. उतरवून ठेवलेल्या लॉगमुळे मी निर्धास्त होतो, तरी सेव्ह केलं नाही.

मागून टॉर्च मारला. सिरियलची जाडजूड व्ही.३५ केबल रॅकमध्ये कुठंही न बांधता अधांतरी लोंबत होती, तिचं सगळं वजन त्या छोट्या कार्डावर, आणि कार्डाचा एक स्क्रू नुसता अडकवलेला, पिळलेलाच नाही. कार्ड एका बाजूनं मिलिमीटरभर बाहेर आलं होतं. ही कार्डं चालू राउटरमधून काढायची नसतात, १८४१ ला ते चालत नाही. सरळ पॉवर बंद केली, कार्ड काढून नीट दाबून बसवलं, दोन्ही स्क्रू पिळले, केबल टायनं रॅकला बांधली. परत टीएफटीपीवरून बूट, परत चहा. या वेळी सिरियल दिसला. परत कॉपी, या वेळी एकही शिवी नाही.

कॉपी केल्यावर सगळे इंटरफेस बंदच असतात कारण सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये 'नो शटडाउन' अशी ओळ नसते, कोऱ्या राउटरवर ते मुळातच बंद असतात आणि कॉपी फक्त वरून भर घालते. प्रत्येकावर जाऊन 'नो शट' दिलं. 'शो कंट्रोलर्स'मध्ये सिरियलला क्लॉक मिळतोय असं दिसलं, लाईन प्रोटोकॉल अप झाला, शहरातल्या राउटरला पिंग गेला. एक वाजून गेला होता. काट्यावरून कुणीतरी ओरडलं की चालू झालं.

मग राहिलेली कामं. स्टुडिओचं कार्ड राउटरमधूनच फॉरमॅट केलं, फाईल त्यावर कॉपी केली, तिचा एमडी५, म्हणजे फाईल हुबेहूब आहे का ते सांगणारा आकडा, काढून शहरातल्या राउटरवरच्या फाईलशी जुळवला. रजिस्टर २१०२ केलं, 'शो व्हर्जन'मध्ये आलं की आत्ता २१४२ आहे, पुढच्या रीलोडला २१०२ होईल. सेव्ह. आणि सगळ्यांच्या देखत राउटरचं बटण बंद केलं. ईडीपीचे साहेब दचकलेच, आत्ता तर चालू झालाय आणि परत बंद कशाला. म्हटलं, आत्ता मी इथं असताना उठला नाही तर बरं, रात्री नको. दोन वेळा बंद-चालू केला, दोन्ही वेळा आपला आपण उठला.

मल्टिमीटर लावून सॉकेट तपासला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट, जे दोन-तीनच्या आत असायला पाहिजे, इलेक्ट्रिकलवाल्यांना दाखवलं. यूपीएस लोडवर टाकून बघितला, आठ सेकंदात बसला. आधी हाच यूपीएस पंधरा मिनिटं ओढायचा म्हणे. म्हणजे एवढे दिवस कितीही वेळा टर्बाइन ट्रिप झाली तरी राउटरला कळायचंच नाही, यूपीएस झाकून न्यायचा, म्हणून मेलेलं कार्ड आणि चुकीचं रजिस्टर दोन्ही झाकलेलं राहिलं. त्या रात्री बॅटऱ्यांनी मान टाकली आणि सगळं एकदम उघडं पडलं.

साहेबांनी साहजिकच विचारलं, ते रजिस्टर कुणी तसं ठेवलं? लाईटीच्या झटक्यानं असा नेमका एकच बिट चढत नाही, ते माणसानंच केलेलं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, सापडेल की, कॉन्फिगच्या डोक्यावर शेवटचं सेव्ह कधी झालं त्याची तारीख असते, राउटरला नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं एनटीपी लावलेलं आहे म्हणजे तारीख खरी. माझ्या डोक्यात एएमसीवालाच होता, सकाळपासून मदरबोर्ड गेला म्हणून सांगणारा. उतरवलेला लॉग उघडला. एनव्हीरॅम कॉन्फिग लास्ट अपडेटेड, सोळा महिन्यांपूर्वीची तारीख, सीझन सुरू व्हायच्या आधीची, दुपारी सव्वाचार.

एएमसीवाल्याचं काँट्रॅक्ट तर त्यानंतरच्या जूनमध्ये सुरू झालेलं. मी माझी डायरी काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात, कारखाना, राउटर पासवर्ड रिकव्हरी, अमुक रुपये, पेड.

साहेबांना डायरी दाखवली. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आजारही तुमचा आणि औषधही तुमचंच की हो." बिल मी फक्त तीनशे रुपयांचं दिलं, स्टुडिओच्या कार्डाचं. फोन करून एएमसीवाल्याला सांगितलं की मदरबोर्ड ठीक आहे, बाकीचं काही सांगितलं नाही, तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.

घरी येऊन डायरीची मागची पानं चाळली. त्या दोन वर्षांत मी अजून चार ठिकाणी पासवर्ड रिकव्हरी केली होती. चारही ठिकाणी फोन करून 'शो व्हर्जन'ची शेवटची ओळ वाचायला सांगितली. तीन ठिकाणी २१०२ होतं. चौथी एक पतसंस्था, तिथल्या मॅडमनी फोनवर एकेक अंक सावकाश वाचला, दोन, एक, चार, दोन. त्यांचा राउटर दीड वर्षात एकदाही बंद झाला नव्हता.